उसात गेलेली चार नंबर

अश्विनी दत्तू कोळेकर हिच्यावर अन्याय झाला. वय सोळा, राहणार निमगाव केतकीजवळची वस्ती, जर्सी नंबर चार, जागा डाव्या बाजूचा बचाव. अन्याय झाला तो स्पर्धेच्या गेल्या हंगामातल्या शेवटच्या रविवारी, अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावात, चोविसाव्या मिनिटाला. घड्याळात पाच वाजून अडतीस मिनिटं झाली होती. अन्याय करणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव माझं आहे. मी समोरच्या संघाची कोच होते.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'मैदानावरच्या गमतीजमती' मागितल्या होत्या. गमती आहेत, दोन-चार सांगतेही. पण ही गोष्ट वगळून त्या सांगायच्या म्हणजे मढं झाकून पंगत वाढण्यासारखं आहे, आणि ते मला जमणार नाही.

मी सहा वर्षं पिंपळी आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या मुलींना फुटबॉल शिकवते. त्याआधी पत्रकं वाटायचे. संध्याकाळी मैदान मुलींनाही मिळालं पाहिजे, हे पत्रक मीच लिहिलं, मीच झेरॉक्स काढलं, आठवडी बाजारात मीच वाटलं. करणी-भानामतीच्या विरोधातही वाटलं. त्यामुळे माझं लिहिणं असं ठळक अक्षरातलं आहे.

फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी हे काम थोडक्यात सांगते. आमच्या गटात तीस-तीस मिनिटांचे दोन डाव असतात. पहिली पन्नास मिनिटं मुली खेळतात आणि कोच नुसती ओरडते. शेवटची दहा मिनिटं कोच खेळते. तेव्हा मी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, कारण दमलीस का विचारलं तर प्रत्येक पोरगी नाहीच म्हणते. मी गुडघ्यांकडे बघते. हात गुडघ्यांवर टेकले की तिच्या डोळ्यासमोरून माणसं जायला लागतात आणि तिची जागा मोकळी पडते. आपल्या पोरीची मोकळी जागा बुजवायची, समोरचीची मोकळी जागा शोधून तिथून घुसायचं. निर्णायक क्षणाची सगळी विद्या एवढीच. बाकीचं पुस्तकात आहे.

जे पुस्तकात नाही ते इथं शिकले. पहिल्या वर्षी एका सामन्यात शेवटची सात मिनिटं उरलेली, बरोबरी, आणि एक बाई सरळ मैदानात आल्या आणि आमच्या गोलकीपरच्या दंडाला धरून चालू लागल्या.

"मावशी, सामना चाललाय," मी म्हणाले.

"मग चालू द्या की. म्हस थांबत न्हाय माझी. हिच्याबिगर पान्हा सोडत न्हाय ती."

तेव्हापासून मी माझ्या वहीत प्रत्येक मुलीच्या नावापुढे तिच्या घरची धारेची वेळ लिहून ठेवते आणि बदली खेळाडू त्या हिशेबाने राखते. याला आमच्या पोरी 'धारेची बदली' म्हणतात. मोठ्या क्लबच्या कोचना हे माहीत नसणार.

दुसरी गोष्ट उसाची, आणि तीही माझ्या हुशारीतलीच.

दोन तालुक्यांच्या शिवेवरचं आमच्या स्पर्धेचं मैदान ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. तीन बाजूंना ऊस, चौथ्या बाजूला कमिटीचं टेबल, मंडप आणि रस्ता. ऊस रेघेला इतका चिकटून की थ्रो घ्यायला उभं राहिलं तर पाठीला पान कापतं. तोडणीच्या तोंडाला तो दोन पुरुष उंच असतो. पलीकडे कालव्याच्या फाट्याचं पाणी. तिथला नियम कमिटीने पहिल्या वर्षापासून ठेवलाय: बॉल उसात गेला तर घड्याळ थांबणार नाही, बॉल एकच, आणि ज्या संघाला थ्रो मिळेल त्या संघाने आत जाऊन तो आणायचा. खऱ्या फुटबॉलमध्ये वाया गेलेला वेळ पंच शेवटी भरून देतो. इथे देत नाहीत. मग एका गोलने पुढे असलेल्या संघाने शेवटच्या दहा मिनिटांत काय करावं? उसात घालावा.

सगळेच घालायचे, पण आंधळेपणाने. मी सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानाला चक्कर मारून बघायचे, कुठल्या कोपऱ्यातला ऊस लोळलाय. उभ्या उसात सरी धरून चालता येतं, लोळलेल्यात वाकून, रांगत जावं लागतं. बॉल तिथे पडला की समोरच्यांची दोन-अडीच मिनिटं जायची. आमच्या बचावातल्या मुलींना मी नेम धरून त्या कोपऱ्यात मारायला शिकवलं होतं. सरावच घ्यायचे त्याचा.

समोरच्या संघाचे कोच राऊत सर. रिटायरमेंटला आलेले पीटीचे मास्तर, शिट्टी गळ्यात, बंडी कायम इस्त्रीची. ते मला टोमणा मारायचे, "मॅडम, तुमी फुटबॉल शिकीवता का ऊस लावायला?"

"सर, तुम्ही पुढं असता तर काय केलं असतं?"

"हेच केलं असतं. पण मला लाज वाटली असती."

मी हसायचे. हे लिहिताना त्यांचा तो आवाज ऐकू येतोय.

तर तो रविवार. आम्ही एक-शून्यने पुढे. वारा पडलेला. उसाच्या रानात वारा पडला की एक वेगळीच शांतता होते, कारण एरवी ते पान सतत सळसळत असतं आणि आपण ते ऐकायचं सोडून दिलेलं असतं. ते थांबलं की पहिल्यांदा कळतं की इतका वेळ शेजारी काहीतरी बोलत होतं. ऊन उसाच्या शेंड्यांवर गेलेलं, खाली मैदानात सावली. माणसं भरपूर होती, पण सहा मिनिटं उरली की माणसं बोलायचं थांबतात.

आमच्या मुलीने बॉल उचलून मारला. लोळलेल्या कोपऱ्यात, मी दाखवलेल्या जागी. थ्रो त्यांचा. सगळ्यांत जवळ होती चार नंबर, अश्विनी. ती धावतच आत गेली. पानं हलली, मग आणखी आत हलली, मग काहीच हललं नाही.

टेबलावर घड्याळ घेऊन तात्या बसले होते. तात्या म्हणजे स्पर्धेच्या कमिटीचे प्रमुख, माइकही त्यांच्याकडेच. ते दर मिनिटाला राहिलेला वेळ सांगायचे. "पाच मिनिटं." मी शांतपणे पाणी प्यायले. "साडेचार." त्यांच्या पोरी रेघेवर येऊन ओरडत होत्या, "अश्विने, आण की लवकर."

आणि बॉल आला.

ती आत गेली होती त्या जागेवरून नाही. चांगली पंधरा-वीस पावलं अलीकडून, माझ्या बाजूने, उसातून वर उडून अलगद मैदानात पडला. दोन टप्पे घेऊन थांबला. त्यांच्या एका मुलीने झडप घालून उचलला आणि थ्रो केला, कारण घड्याळ पळत होतं आणि त्या एका गोलने मागे होत्या. तिने मागे वळून बघितलं नाही. मीही तिच्या जागी असते तर बघितलं नसतं.

पण मी तिच्या जागी नव्हते. मी कोच होते आणि माझं काम मोकळी जागा बघणं हे होतं. मी बघितली. त्यांची डावी बाजू सताड उघडी होती. तिथे कुणीच नव्हतं. चार नंबर नव्हती.

त्याच वेळी उसातून आवाज आला. एकच. "ओ..." असा लांबवलेला, बाईमाणसाचा, आणि शेवटी कुणी तोंडावर पदर धरावा तसा तुटलेला. मी ऐकला. मंडपातल्या माणसांच्या माना एकदम त्या बाजूला वळल्या, ते मी पाहिलं. त्यांचा थ्रो अडवून आमच्या कॅप्टन शीतलने बॉल पायात घेतला होता, ती जागच्या जागी थबकली. राऊत सर त्या वेळी लांबच्या टोकाला त्यांच्या गोलकीपरला काही सांगत होते. सगळं मैदान एक श्वासभर थांबलं.

मी ओरडले, "शीतल, त्यांच्या डावीकडं मोकळं हाय. तितनं जा."

शीतल गेली. दोन-शून्य. माना परत मैदानाकडे वळल्या, शिट्ट्या, टाळ्या, हलगी. साडेचार मिनिटं अकरा विरुद्ध दहा खेळ झाला आणि तो कुणालाही थांबवावासा वाटला नाही.

सामना संपल्यावर दोन्ही संघ रांगेत हात मिळवतात. राऊत सर रांगेच्या शेवटी उभे राहून बोटांनी मोजत होते. परत मोजलं. मग माझ्याकडे येऊन अगदी हळू म्हणाले, "मॅडम, माझ्या दहाच हायत."

मग धावपळ. पुरुषमाणसं उसाच्या कडेला जाऊन उभी राहिली. हाका मारल्या. बिबट्याचं नाव निघालं, आणि मग कुणीच पहिलं पाऊल टाकेना. राऊत सर इस्त्रीच्या बंडीसकट आत घुसले, त्यांच्या मागे मी. आम्हाला काही सापडलं नाही. बाहेर आलो तर लोक फाट्याच्या बांधाकडे बघत होते. त्या बांधावरून अश्विनी चालत येत होती, मैदानाकडे तोंड करून, सावकाश, जशी रोज शाळेतून येत असेल तशी. गालावर, हातावर पानांचे चरे. एका पायात बूट नव्हता.

कुणी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "बॉल मी टाकला न्हाय."

पुढचं तिने मला नंतर सांगितलं, तिच्या घरी, मेंढरांच्या जुन्या वाड्यात. आता तिथे मेंढरं नाहीत, ट्रॅक्टर उभा असतो. ती एकसारख्या आवाजात बोलली. बॉल तिला दिसलाच नाही. चार-पाच सऱ्या ओलांडल्यावर बाहेरचा गलका बंद झाला, कुणी दार लावावं तसा. परत फिरावं म्हणून वळली तर कुठून आली ते कळेना. मग शेजारच्या सरीत पाचट मोडल्याचा आवाज. ती थांबली की तो थांबायचा.

"मला वाटलं आमच्यातलीच कोणतरी आली. मी म्हणलं, कोण हाय? तर ते काय बोललं न्हाय. मग ते एका बाजूला चाललं. मला वाटलं आता बाहीर निघंल, मी मागनं जाईन. तर बॉल वर उडालेला दिसला. आन् ते परत माझ्याकडं यायला लागलं."

"मग?"

"मग मी हाक मारली. एकदाच. तुमी आईकली असंल." ती माझ्याकडे बघत होती. "मग टाळ्या आयकू आल्या."

ती मैदानाच्या उलट्या दिशेला पळाली आणि फाट्यावर निघाली, म्हणून वाचली. कशापासून, ते तिला माहीत नाही. मलाही नाही.

मी पत्रकवाली बाई. असल्या गोष्टीची शहानिशा केल्याशिवाय झोप येत नाही. पुढच्या आठवड्यात, ऊस अजून उभा असताना, शीतलला घेऊन त्याच वेळी तिथे गेले. तिला कडेला शिट्टी घेऊन उभं केलं आणि बॉल घेऊन आत शिरले. दहा सऱ्यांवर शिट्टी ऐकली ती समोरून, म्हणजे जिथे शीतल नव्हती तिथून. मग आतून बॉल बाहेर फेकून बघितला. पानांना अडून पायाशी पडला. पुन्हा फेकला, पुन्हा तेच. एकेक सरी अलीकडे येत फेकत राहिले. वर उडवून मैदानात टाकता आला तो फक्त पहिल्या ओळीतून, जिथून हात लांब केला तर रेघेचा चुना बोटाला लागेल.

म्हणजे ज्याने बॉल टाकला तो तिथे उभा होता. पानांच्या पडद्याच्या एक हात मागे. मी ज्या जागी पाणी पीत होते तिथून वीस पावलांवर. तो आम्हा सगळ्यांना बघत होता आणि आमच्यातल्या एकालाही तो दिसला नाही.

मी रानमालकाला विचारलं, पाणी धरणाऱ्याला विचारलं, तोडणीवाले त्या शिवारात तेव्हा आलेच नव्हते. कुणी कबूल होत नाही. अश्विनीच्या आईच्या मनात बाहेरचं लागल्याचं आहे, आणि तिला लिंबू उतरवताना बघून मला पहिल्यांदाच पत्रक काढावंसं वाटलं नाही. भूत असतं तर बरं झालं असतं. भुताला मी भीत नाही. ते माणूस होतं, आणि ते अजून ह्याच दोन तालुक्यांत कुठेतरी चहा पीत बसलेलं असणार.

पण त्याच्यावर अन्यायाची यादी संपत नाही. कमिटीच्या अहवालात काय लिहिलंय ते वाचा: 'खेळाडू क्रमांक चार ही परवानगीशिवाय मैदान सोडून गेली.' त्याबद्दल तिला या वर्षी स्पर्धेत बंदी. हरण्याच्या भीतीने पोरगी उसात लपली, असं गावात बोललं जातं. तिचे वडील, दत्तूअण्णा, मला म्हणाले, "मॅडम, खेळू नगं असं मी म्हणलं न्हाय. पर पळपुटी म्हणत्यात तिला. ते आईकून मैदानावर कशी जाईल ती?"

अश्विनीने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "मी पळून गेले न्हाय, एवढं लिवून घ्या त्यांच्याकडनं. मग मला काढायचं तर काढा."

मी तात्यांकडे गेले. चषकही घेऊन गेले होते, परत द्यायला. त्यांनी चषक टेबलाच्या कडेला सरकवला.

"पोरी, तू हरलेल्यांची वकिली कशापाई करती? तुजी टीम जितली ना?"

"तात्या, तिने हाक मारली होती. तुमच्या माइकसमोर सगळ्यांनी ऐकली."

"मी न्हाय आईकली. माझं ध्यान घड्याळात हुतं."

"तुमची मान वळलेली मी बघितली."

तात्यांनी चषक आणखी थोडा बाजूला सरकवला. वाईट माणूस नाही तो. मुलींच्या स्पर्धेसाठी मंडप त्यांनीच उभा केला, बाकी कुणी केला नव्हता. मग म्हणाले, "तुजं एकटीचं कोण धरतंय? तू तर तितं वरडत हुतीस. आईकलेली माणसं आण. सही करून सांगू दे. मग बघू."

मग मी कागद घेऊन दारोदार गेले, पत्रकाच्या दिवसांसारखी. मैदानावर होते त्यांच्या घरी. आणि हे मी आजवर पाहिलेलं सगळ्यात विचित्र दृश्य आहे. प्रत्येकाने आवाज ऐकला होता, आणि प्रत्येकाचा वेगळा. कोल्हं असंल. मोराचा असंल, मोर तसाच वरडतो. कारखान्याकडं कायतर वाजलं आसंल. एक जण म्हणाला ट्रॉलीचा पाटा करकरला. एका आजींनी माझा हात धरून विचारलं, "बाळा, ती पोरगी जिती हाय का?" मी म्हणाले हाय, तर त्यांनी देवाला हात जोडले आणि सही मात्र केली नाही. एकाही माणसाने 'काहीच ऐकलं नाही' असं म्हटलं नाही. एकानेही 'माणसाचा आवाज' असं म्हटलं नाही. परत निघताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता, आणि मला वाटलं की मी घराघरांतून नाही, त्याच्यातूनच चालत आले आहे.

कागदावर पहिली सही माझी आहे. दुसरी राऊत सरांची. त्यांनी लिहिलंय, 'मी ऐकलं नाही, कारण मी लांब होतो. पण मी मोजायला हवं होतं.' तिसरी शीतलची. ती सरावानंतर थांबली, बुटाची नाडी बांधत, वर न बघता म्हणाली, "ताई, मी आईकलं हुतं. मी थांबले हुते. तुमी म्हणलात डावीकडं."

सहा वर्षं मीच तिला शिकवलं होतं की शेवटच्या मिनिटांत कोच सोडून दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकायचा नाही.

पुढच्या महिन्यात नवी स्पर्धा सुरू होते. नियमांचा कागद निघालाय, आणि उसाचा नियम तसाच आहे. माझा संघ त्या नियमाखाली उतरणार नाही, हे मी कळवलंय. पण त्याने अश्विनीचं नाव साफ होत नाही. ते तीन सह्यांनी होत नाही, आणि त्यातली एक तर गुन्हेगाराची.

हा अंक या दोन तालुक्यांत घराघरात जातो, म्हणून मी इथे लिहिलं. त्या रविवारी मंडपात तुम्ही होतात. खुर्चीवर, ट्रॉलीवर, पोराला खांद्यावर घेऊन. मान वळवलीत, मी बघितलं. आता एक कागद घ्या. त्यावर लिहा: 'उसातून मुलीची हाक आली, ती मी ऐकली आणि मी जागचा हललो नाही.' खाली पूर्ण नाव लिहा, सही करा, आणि पहिल्या सामन्याच्या आधी तो स्वतः नेऊन तात्यांच्या टेबलावर ठेवा. माझ्याकडे देऊ नका. अश्विनी तिथे शेजारी उभी असेल, तिच्यासमोर ठेवा.